नवशिक्यांसाठी नसलेला कॅमेरा

छोटा डिजिटल कॅमेरा, दुकानात ज्याला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात तो, शिकाऊ माणसासाठी असतो असा एक समज पक्का बसलेला आहे. कंपन्यांनीच तो बसवला. बटण दाबा, बाकीचं कॅमेरा बघून घेईल. लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्यानं बायकोला तो द्यावा, बायकोनं कपाटात साड्यांखाली ठेवावा आणि नेमकी सहलीच्या दिवशी त्याची बॅटरी उतरलेली निघावी, अशी त्याची घरातली जागा ठरून गेली होती. माझं मत याच्या अगदी उलट आहे. चांगला कॉम्पॅक्ट कॅमेरा वापरावा तो उजेड वाचता येणाऱ्या माणसानं, ज्याच्या हातून पोतंभर फोटो आधीच वाया गेलेत अशानं. नवशिक्याला द्यायचाच तर मोठा कॅमेरा द्यावा. मोठा कॅमेरा चुका पोटात घालतो. छोटा घालत नाही.

आता हे मी सोलापुरात बसून म्हणतोय, आणि इथं या मताला काडीची किंमत नाही. माझा धंदा लग्नाचा, बारशाचा, वास्तुशांतीचा. मधूनमधून एखाद्या दैनिकाला फोटो देतो. या धंद्यात पार्टी पैसे देते ते कॅमेऱ्याच्या आकाराचे. गळ्यात दोन बॉडी, खांद्याला लेन्सची पिशवी, मागं लाइट धरून उभा असलेला पोरगा, एवढा सरंजाम दिसला की मुलीच्या बापाला आपले पैसे कुठं गेले ते कळतं. खिशातून पानाच्या डबीएवढा कॅमेरा निघाला की विषय संपला. माझ्याबरोबर बऱ्याच ऑर्डरी करणारा एक जोडीदार आहे. त्यानं माझा छोटा कॅमेरा पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाला, “काय बे, भाचीचं खेळणं उचलून आणलास काय?” मी हो म्हटलं. वाद घालायला वेळ नव्हता, हॉलमध्ये अक्षता पडायला आल्या होत्या.

म्हणजे या कॅमेऱ्यानं मी एक रुपयाही कमावलेला नाही. पुढचं सगळं मत फुकटच्या फोटोंवर उभं आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

कॅमेरा कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही. नाव लिहिलं की निम्मे लोक ते मॉडेल बरं की वाईट यावरच घसरतात, आणि मला त्याच्या खोडीही सांगायच्या आहेत. जात मात्र सांगतो. एक इंची सेन्सर (फिल्मच्या जागी बसलेली, उजेड टिपणारी चिप), न बदलता येणारी झूम लेन्स, शर्टाच्या नाही पण पँटच्या खिशात मावणारं अंग. ही जात खऱ्या अर्थानं नावारूपाला आली २०१२ साली, सोनीच्या आरएक्स १०० या कॅमेऱ्यानं. तोवर खिशातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत नखाएवढा सेन्सर असायचा, सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा. आरएक्स १०० मध्ये तो १३.२ बाय ८.८ झाला, म्हणजे क्षेत्रफळानं चौपट. (पट्टी लावून बघणाऱ्यांसाठी: यात कुठलीच बाजू एक इंच भरत नाही. जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरून चालत आलेला तो आकडा आहे.) तरीही जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या फ्रेमएवढ्या, ३६ बाय २४ च्या सेन्सरपुढं तो सातवा हिस्साच.

त्याच्याही आधी या धंद्यात मेगापिक्सेलची चढाओढ होती. दर वर्षी आकडा वाढवायचा, सेन्सर तेवढाच. कॅननच्या जी १० मध्ये २००८ साली १४.७ मेगापिक्सेल होते. पुढच्या वर्षी जी ११ आला तो १० मेगापिक्सेल घेऊन. आकडा चक्क खाली आणला! दुकानदारांची पंचाईत झाली असणार. गिऱ्हाईकाला समजावणार काय, की नवा कॅमेरा जुन्यापेक्षा कमी आहे म्हणून चांगला आहे? पण ते बरोबरच होतं. इवल्याशा सेन्सरवर जास्त ठिपके कोंबले की कमी उजेडात नुसती खरखर वाढते. बाजारात उभं राहून मागं पाऊल घ्यायला धाडस लागतं, आणि म्हणून त्या कॅमेऱ्याबद्दल मला आजही आदर आहे.

तर आता छोटा कॅमेरा चुका पोटात घालत नाही म्हणजे काय, ते सांगतो. मोठ्या सेन्सरच्या फाइलमध्ये उजेडाचा अंदाज चुकला तरी संगणकावर सावलीतून चेहरा ओढून काढता येतो. पांढरं थोडं फाटलं तरी सांधता येतं. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ६४०० ठेवूनही मंडपातला फोटो अल्बममध्ये खपतो. छोट्या सेन्सरला एवढी ऐपत नाही. एक पायरी (उजेड दुप्पट किंवा निम्मा) चुकलात तर निभेल, दोन चुकलात तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे बटण दाबायच्या आधी निर्णय घ्यावा लागतो, रोलच्या दिवसांत घ्यायचो तसा. यशिकाच्या कॅमेऱ्यात रोलवर बारा फोटो यायचे. हळदीला किती, अक्षतांना किती, वरातीला किती, हे घरून ठरवून निघायचं. ती सवय अंगात असलेल्या माणसाला हा कॅमेरा लगेच वळतो. नसलेल्याला तो ‘साधा’ वाटतो आणि त्याचे फोटोही साधेच येतात.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये मोठा कॅमेरा घेऊन गेलात तर पहिली गोष्ट काय होते, तर माग थांबतो. मालक हात वर करतो, कामगार शर्टाची बटणं लावतो आणि मागापुढं ताठ उभा राहतो. तुम्हाला चादर विणणारा माणूस हवा असतो, हाती येतो ओळखपत्राचा फोटो. छोट्या कॅमेऱ्यानं माग थांबत नाही. पण म्हणून फोटो आपोआप चांगला येतो असंही नाही. इथंच खरी परीक्षा सुरू होते.

शेडमध्ये पत्र्याच्या फटींतून येणारा उजेड आणि चार ट्यूबलाइट, एवढंच भांडवल. आपली वीज पन्नास सायकलची, त्यामुळं ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आडवे काळे पट्टे सरकायला लागतात. नवा माणूस इथं कॅमेरा बिघडला असं समजून तो खिशात घालतो. बिघडलेलं काही नसतं. असल्या कॅमेऱ्यात बहुधा लेन्समध्येच बसवलेलं, पाकळ्यांसारखं उघडणारं लीफ शटर असतं, ते अख्खा सेन्सर एकदम उघडतं, त्यामुळं पट्टे फोटोत उतरत नाहीत. मात्र शटर १/५०० सेकंदावर ठेवलंत तर एक फोटो उजळ येतो, दुसरा काळपट आणि पिवळा, कारण ट्यूबच्या चढउताराचा नुसता तुकडा पकडला जातो. १/१०० किंवा १/५० वर ठेवलं की पूर्ण फेरा आत येतो आणि रंग जागेवर बसतात. मी १/५० घेतो. एवढ्या वेळात धोटा (आडवा धागा घेऊन जाणारा) या पेटीतून त्या पेटीत पार झालेला नसतो, पण दिसतही नाही. ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून एक राखाडी रेघ गेलेली दिसते. कामगाराचा हात मात्र बीमवर टेकलेला असतो, तो स्वच्छ येतो.

मग फोकस. असल्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस हजारो समांतर धाग्यांपुढं गोंधळतो, पुढं मागं चाचपडत राहतो. त्याला ते काम देऊच नये. फोकस हातानं दीड मीटरवर बांधायचा, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ २.८ (एफचा आकडा मोठा तेवढं भोक बारीक), आणि लेन्स सगळ्यात रुंद टोकाला. सेन्सर लहान असल्यामुळं एक मीटरपासून अडीच मीटरपर्यंत सगळं नीट धरलं जातं, आणि दोन मागांच्या मधल्या बोळात याहून जास्त अंतर असतंच कुठं? मोठ्या कॅमेऱ्यावर एवढा पल्ला मिळवायला ॲपर्चर बरंच बारीक करावं लागतं, मग उजेड पुरत नाही. लहान सेन्सरचा हा सरळसरळ फायदा. मागचं धूसर करून देणारा फोटो हवा असेल तर तो मिळणार नाही, पण शेडमध्ये मागचं धूसर करायचं तरी का? मागंच तर सगळं आहे. वर नक्षी पाडणारं जकार्ड, त्यावरून एकेक करून उलटत जाणारी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ, खाली ताणलेले दोर, कोपऱ्यात कांड्या (धोट्यातल्या धाग्याच्या नळ्या) भरत बसलेली बाई, तिच्या केसांत आणि भुवयांवर साचलेली पांढरी तूस. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर म्हणतात ती अशा गर्दीतून बाहेर पडते. धूसर करून तिच्यातलं काय दाखवणार?

आणखी एक गोष्ट. असल्या कॅमेऱ्यांपैकी बऱ्याच कॅमेऱ्यांना डोळा लावायची खिडकी नसते. माझ्याला नाही. मला याचा राग आहे, तो पुढं सांगतो. पण शेडमध्ये त्याचा फायदा होतो. मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की समोरच्याला माझं तोंडच दिसत नाही. हा कॅमेरा मी छातीशी धरतो आणि फ्रेम अंदाजानं लावतो. इतकी वर्षं एकाच रुंदीच्या लेन्सनं काम केल्यावर चौकट कुठं संपते ते अंगाला कळतं. समोरचा माणूस माझ्याकडं बघतो, मी त्याच्याकडं. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळं बोलणं भुवयांनीच होतं. एकानं मला ओरडून विचारलं होतं, “अण्णा, कधी काढणार?” मी कॅमेरा उलटा करून त्याला दाखवला, तीन-चार काढून झाले होते. त्यानं एकच बोट वर केलं आणि शर्टाची बटणं लावायला घेतली. मग तो ओळखपत्राचा फोटोही काढला. त्याच्या घरी भिंतीवर तोच लागला असणार.

शेडमधलीच एक खोडही सांगून टाकतो. चालू केला की लेन्स बाहेर येते, बंद केला की आत जाते, आणि प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढते. त्या हवेत सुताची तूस असते. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स काढून ब्लोअरनं सेन्सर झटकता येतो. इथं सगळं सीलबंद. माझ्या कॅमेऱ्यात एक कण सेन्सरवर जाऊन बसला आणि आकाश असलेल्या प्रत्येक फोटोत वरच्या कोपऱ्यात राखाडी ठिपका दिसायला लागला. सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, अख्खं लेन्स युनिट बदलावं लागेल. जी रक्कम सांगितली तिच्यात तसलाच जुना कॅमेरा दुसरा आला असता. तेव्हापासून शेडमध्ये जाताना कॅमेरा बाहेरच चालू करतो आणि बाहेर आल्यावरच बंद करतो. बॅटरी खाते, खाऊ दे.

बॅटरीचंही असंच. अंग लहान म्हणून बॅटरी लहान. मोठा कॅमेरा एका बॅटरीत अख्खं लग्न काढतो, हा साखरपुड्यातच मान टाकतो. दोन जादा बॅटऱ्या खिशात ठेवल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. अंग गुळगुळीत, घामानं हातातून सटकतं. त्यावर मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून चिकटवली आहे. दिसायला वाईट दिसते, पण हातात घट्ट बसते. आणि झूमबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. रुंद टोकाला एफ १.८ लिहिलेलं असतं, त्यावर लोक भुलतात. झूम ओढत लांबच्या टोकाला नेलं की ॲपर्चर एफ ४.९ पर्यंत उतरतं, म्हणजे जवळपास तीन पायऱ्या उजेड गेला. माझ्यापुरती ही रुंद लेन्सचीच पेटी आहे. पुढं जायचं असेल तर पाय आहेत.

आता खिडकीचा राग. सोलापूरचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या आसपास घुटमळतो, दुपारी नवी पेठ ओस पडते आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर स्वतःच्या तोंडाशिवाय काही दिसत नाही. त्यात मला जवळचं बघायला चष्मा लागतो. एका हातानं चष्मा, दुसऱ्या हातानं स्क्रीनवर सावली, मग बटण दाबायला तिसरा हात आणायचा कुठून? पुढं आरएक्स १०० च्याच तिसऱ्या आवृत्तीत, २०१४ मध्ये, वर उघडणारी छोटी इलेक्ट्रॉनिक खिडकी दिली. म्हणजे हा राग एकट्या माझा नव्हता.

पण उन्हातच या कॅमेऱ्याचा एक गुण असा आहे की ज्याच्यासाठी मी बाकीचं सगळं माफ करतो. दुपारी एखाद्या गल्लीत बायका उंबऱ्यात बसून विड्या वळत असतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं, हाताखाली पत्र्याचा साचा. ऊन डोक्यावरून येतं, कपाळ चमकतं आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख. इथं हलका फ्लॅश टाकायला हवा. मोठ्या कॅमेऱ्याचं पडदा-शटर साधारण १/२०० ते १/२५० च्या वर फ्लॅशशी सरळपणे जुळत नाही. मग उन्हाला आवरायला ॲपर्चर एफ ११, एफ १६ करा, फ्लॅशही तेवढाच ताकदीचा लावा, आणि त्या बाईच्या तोंडापुढं तोफ उभी करा. लीफ शटरला ही अडचण नाही. ते १/१००० ला सुद्धा फ्लॅशबरोबर उघडतं. मग बोटाच्या पेराएवढा तो फ्लॅश पुरतो, कारण ऊन शटरनं आधीच खाली आणलेलं असतं. डोळ्यांत बारीक ठिणगी येते, सुपातली पानं पानांसारखी दिसतात आणि मागची गल्ली पांढरी फटक होत नाही. बाईचा हात तोवर पुढच्या विडीला दोरा गुंडाळत असतो.

हे मी कुणा शिकाऊ पोराला सांगितलं की तो विचारतो, “यासाठी कुठला मोड?” असा कुठला मोड नसतो. जुना हिशेब असतो. भर उन्हात ॲपर्चर एफ १६ ठेवलं तर शटर आयएसओच्या आकड्याएवढं, म्हणजे आयएसओ १२५ ला १/१२५. तेच एफ ४ वर आणलं की १/२०००. माझ्या कॅमेऱ्याचं शटर तिथंच संपतं. म्हणून उन्हात एफ ५.६, १/१०००. याहून बारीक, एफ ११ वगैरे, लहान सेन्सरवर जाऊच नये. भोक इतकं लहान होतं की उजेड कडांवर वाकतो आणि फोटो मऊ पडतो. उजेड मोजणारा मीटर बंद पडला तरी चालेल इतकं हे तोंडपाठ असेल तर हा कॅमेरा घ्यावा.

गड्ड्याच्या यात्रेत तर हा कॅमेरा मीटरवर सोडणं म्हणजे घात. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराच्या यात्रेचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, निघतात, आणि ते पेलणारे, त्यांच्या मागंपुढं चालणारे हजारो भक्त पांढऱ्या बाराबंदीत (बंदांच्या अंगरख्यात) असतात. कॅमेऱ्याचा मीटर मुळात खुळा. त्याला वाटतं, जगातलं सगळं मिळून करड्या रंगाचं असतं. पांढऱ्याचा समुद्र दिसला की तो उजेड कमी करतो आणि बाराबंदी कळकट राखाडी दिसते. म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक पायरी वर न्यायचं. बरं, तेही डोळे झाकून करता येत नाही. कारण त्याच बाराबंदीवर तिरपं ऊन पडलं की लहान सेन्सर पांढऱ्यातल्या सुरकुत्या पार खाऊन टाकतो, मग वर नेलेली पायरी मुकाट्यानं खाली आणायची. सावलीत वर, उन्हात खाली. मिरवणूक उत्तर कसब्यातून निघून अक्षता सोहळ्याच्या जागी, संमती कट्ट्यावर, पोचेपर्यंत बोट उजेड कमी-जास्त करायच्या चक्रीवर चालूच असतं.

अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी पाय ठेवायला जागा नसते. तिथं मोठा कॅमेरा छातीशी धरला तर तो आपल्याच बरगड्यांत घुसतो. मी एक हात वर करतो, त्यात हा कॅमेरा, फोकस अडीच मीटरवर बांधलेला, एफ ४. तेवढ्यावर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं धारदार. रिकोच्या जीआर मालिकेत तर यासाठी ‘स्नॅप फोकस’ नावाची सोयच दिलेली आहे. अंतर आधी ठरवून ठेवायचं, बटण दाबलं की झालं. माझ्यात ती नाही, मी हातानं बांधतो. संमतीचं वाचन सुरू होतं, ‘सत्यम सत्यम’ कानावर येतं आणि चहूबाजूंनी अक्षता उडतात. कुमारिकेचं सिद्धेश्वराच्या योगदंडाशी लागलेलं लग्न आहे ते, आणि वऱ्हाडी सगळं गाव. त्या क्षणाला कॅमेरा फोकस शोधत बसला तर संपलंच. तांदळाचे दाणे हवेत असतात तेवढाच वेळ. बांधलेल्या फोकसला शोधायचं काही नसतं, त्यामुळं बोट दाबलं की शटर उघडतं. एका फोटोत अगदी पुढं एका म्हाताऱ्या माणसाची उघडी मूठ आली आहे, बोटं पसरलेली, तांदूळ सुटलेले, आणि त्या बोटांच्या फटीतून मागं नंदीध्वज. स्क्रीनकडं मी बघितलंही नव्हतं, हात वर होता.

होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम मात्र सोपं. ट्रायपॉड कोण नेतो त्या गर्दीत! कुठल्या तरी कठड्यावर कॅमेरा टेकवायचा, आयएसओ १२५, एफ ५.६, शटर तीन-चार सेकंद, आणि दोन सेकंदांचा टायमर लावायचा म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. पहिले आठ-दहा बार काढून घ्यायचे. नंतर धूर साचतो, फोटो गढूळ येतात, तेव्हा कॅमेरा खिशात घालून नुसतं बघावं.

यावर हमखास येणारा प्रश्न: एवढं सगळं मोबाईल करत नाही का? करतो की. मोबाईल पुष्कळ गोष्टी माझ्या कॅमेऱ्यापेक्षा चांगल्या करतो. एका दाबात तो अनेक फोटो घेऊन एकत्र सांधतो, सावली उजळतो, ऊन आवरतो. माझं भांडण त्याच्या या चांगुलपणाशीच आहे. मागाच्या शेडमधला कोपरा काळोखा असतो, तो मोबाईलवर दिवाणखान्यासारखा उजळून येतो. कांड्या भरणाऱ्या बाईचा चेहरा गुळगुळीत होतो, भुवयांवरची तूस कुठल्या कुठं जाते. तिच्या फुप्फुसात काय जात असेल ते सांगणारा एवढाच तर पुरावा होता फोटोत. छोटा कॅमेरा रॉ फाइल देतो, म्हणजे सुधारणा न केलेला कच्चा फोटो. काळोख किती ठेवायचा ते मी ठरवतो. आणि ज्याला हे ठरवायचं नाही त्यानं खुशाल मोबाईलच वापरावा, त्यात कमीपणा काही नाही. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा बाजार मोबाईलनं खाल्ला तो अशाच लोकांच्या जोरावर. जपानच्या कॅमेरा उद्योग संघटनेच्या आकडेवारीत २०१० साली न बदलता येणाऱ्या लेन्सचे सुमारे १० कोटी ८६ लाख कॅमेरे बाजारात गेले होते. २०२३ मध्ये हाच आकडा सुमारे १७ लाखांवर आला. कपाटात साड्यांखाली ठेवायचा कॅमेरा घेणंच लोकांनी सोडून दिलं.

आणि आता ती कपाटं उघडायला लागली आहेत! माझी भाची कॉलेजात आहे. तिच्या वर्गातल्या पोरी आई-बापाच्या लग्नानंतरचे चंदेरी डिजिटल कॅमेरे शोधून काढतायत आणि गॅदरिंगला घेऊन फिरतायत. तिनंही असाच एक माझ्या बहिणीच्या कपाटातून काढला आणि माझ्याकडं आणला. “मामा, चालू होतोय, पण कार्ड नाही म्हणतोय. नवीन आहे की हो कार्ड.” कार्ड ३२ जीबीचं होतं. हा कॅमेरा २००६ च्या आधीचा, म्हणजे जास्त साठ्याची एसडीएचसी कार्डं यायच्या आधीचा. त्याला दोन जीबीच्या वरचं कार्ड ओळखताच येत नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये जुनी कार्डं पडलेली असतात, त्यातलं ५१२ एमबीचं एक निघालं. ते तिनं चिमटीत धरून असं बघितलं की जणू मी तिच्या हातावर चार आणे ठेवले होते.

या पोरींचं म्हणणं असं, की जुन्या कॅमेऱ्याच्या सीसीडी नावाच्या जुन्या जातीच्या सेन्सरमध्ये काही जादू आहे, त्यानं रंग वेगळे येतात. मला हे पटत नाही. रंगाचा थोडाफार फरक त्या वेळी कॅमेऱ्यातच होणाऱ्या जेपीईजी प्रक्रियेचा असेल. खरी करामत फ्लॅशची आहे. मोबाईलचा दिवा म्हणजे टॉर्च, एकसारखा जळतो. कॅमेऱ्यातला झेनॉन फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात फुटतो, माणूस हसता हसता जागच्या जागी गोठतो, भिंतीवर त्याची काळी कडक सावली पडते आणि मागचं सगळं अंधारात जातं. आम्ही जन्मभर ती सावली घालवायला धडपडलो. छत्र्या लावल्या, छतावर फ्लॅश मारला, पोराला लाइट घेऊन स्टेजच्या कोपऱ्यात उभा केला. आणि या पोरींना नेमकी तीच सावली हवी आहे.

तरी तिला एक चांगला जुना कॅमेरा घ्यायचा होता, एक इंचीवाला, म्हणून पारखायचा कसा ते दाखवलं. पांढऱ्या भिंतीसमोर धरायचा, ॲपर्चर सगळ्यात बारीक करायचं, फोटो काढून स्क्रीनवर मोठा करून बघायचा. सेन्सरवर धूळ असेल तर राखाडी ठिपके दिसतात. लेन्स पाच-सात वेळा आतबाहेर करून कान देऊन ऐकायचं, कुठं करकर होते का. बॅटरी काढून तिची पत्री बघायची, हिरवट चढलंय का, बॅटरी फुगली आहे का. फ्लॅश दोनदा लागोपाठ मारून बघायचा. तिनं सगळं मोबाईलवर टिपून घेतलं आणि मग विचारलं, “मामा, एखादा ठिपका असला तर काय बिघडतंय? मोबाईलवर बोट फिरवलं की जातोय की तो.”

“मग एवढे पैसे घालून कॅमेरा कशाला घेतेस?”

“फ्लॅशसाठी.”

“फ्लॅश तर आईच्या कॅमेऱ्यात आहे.”

तिनं जरा विचार केला, ५१२ एमबीचं कार्ड त्या चंदेरी कॅमेऱ्यात सरकवलं आणि मला भिंतीला पाठ लावून उभं राहायला सांगितलं.